पुण्याच्या आकाशाखाली शिळावर्तुळ

कल्पित जगाची कथा किंवा टेबलावर खेळायचा कथाखेळ रचायला बसलं की शिळावर्तुळाचा मोह आवरत नाही. माळरान, धुकं, उंच काळ्या शिळा, आणि २१ जूनच्या पहाटे दोन शिळांच्या मधून नेमका वर येणारा सूर्य. चित्र सुंदर आहे. पण ते इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या माळावरच्या स्टोनहेंजचं आहे, आणि तो माळ विषुववृत्तापासून ५१ अंश उत्तरेला आहे. पुणे आहे साडेअठरा अंशांवर. तुमच्या जगात ज्वारीची शेतं असतील, घाट असतील, मृगाचा पाऊस असेल, तर त्याच्या डोक्यावरचं आकाशही साडेअठरा अंशांचंच हवं. तिथे २१ जूनला पहाटे आभाळ गच्च भरलेलं असतं. आभाळ चुकून उघडलंच तरी सूर्य त्या दोन शिळांच्या मधून उगवत नाही, चांगला पंधरा अंश बाजूला उगवतो.

म्हणून शिळावर्तुळ रचायला घेताना आधी आकाश बघावं, मग दगड, आणि जादू सगळ्यांत शेवटी. जादू सुचायला फार डोकं खाजवावं लागत नाही. आकाश आणि दगड नीट मांडले की ती बरीचशी आपोआप हाती लागते.

खरी वर्तुळं कशी असतात

दोन घराणी लक्षात ठेवली तरी काम भागतं. पहिलं उघड्या, आकाशाकडे बघणाऱ्या वर्तुळांचं. स्टोनहेंजचा गोल खंदक इसवी सनापूर्वी सुमारे ३००० साली खणला गेला आणि मोठ्या शिळा इसवी सनापूर्वी २५०० च्या आसपास उभ्या राहिल्या. त्या मोठ्या शिळा सरासरी २० ते २५ टनांच्या आहेत आणि सुमारे २५ किलोमीटरवरून आल्या. लहान निळसर शिळा वेल्समधल्या प्रेसेलीच्या डोंगरांतून, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास अंतरावरून आणल्या गेल्या. मधली आडवी शिळा तर स्कॉटलंडच्या ईशान्य भागातली आहे, असं २०२४ साली तिच्यातल्या खनिजांवरून दिसून आलं. उभ्या शिळांवरचे आडवे दगड नुसते ठेवलेले नाहीत. सुतार दाराच्या चौकटीला पाडतो तशी खाच एका दगडात आणि तिच्यात बसणारं टोक दुसऱ्यात, अशी जोडणी आहे. लाकूडकाम करणाऱ्या हातांनी दगड घडवला, हे त्यावरून कळतं. तुमच्या जगातल्या लोकांचे हातही आधी कशावर बसलेले होते ते ठरवा. कुंभार, कोष्टी आणि लोहार एकच शिळा तीन वेगळ्या तऱ्हांनी घडवतील.

दुसरं घराणं आपल्या घरचं आहे. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथली शिळावर्तुळं लोहयुगातली, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली आहेत. ही दफनं आहेत. ओबडधोबड, बुटक्या दगडांचं कडं, मधे मातीचा आणि गोट्यांचा उंचवटा, त्याखाली मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, तांब्याच्या वस्तू, आणि माहुरझरीसारख्या ठिकाणी घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. जुनापाणीच्या कड्यातल्या काही दगडांवर वाटीएवढे खळगे कोरलेले आहेत. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्याविषयी १८७९ साली लिहिलं होतं. माहुरझरी आणि नायकुंडच्या उत्खननांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा मोठा वाटा आहे. येरवड्याला त्यांच्या पुरातत्त्व संग्रहालयात एकदा जाऊन यावं. तांब्याचा दागिना आणि गंजून फुगलेलं लोखंड समोर पाहिलं की वर्णनाला वजन येतं.

घराणं पहिल्याच दिवशी ठरवा. आकाशाच्या वर्तुळात माणसं जमतात, वाट बघतात, परत जातात. दफनाच्या वर्तुळात कुणीतरी कायमचं राहायला आलेलं असतं, आणि जादू करायची तर आधी त्याची परवानगी लागते. दोन्ही एकत्र करता येतात, पण मग आधी काय होतं आणि नंतर काय झालं हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक हवं.

महाराष्ट्रात एक तिसरी, जिवंत परंपराही आहे. वेताळाचं ठाणं बऱ्याच गावांत असंच असतं: मधोमध शेंदूर फासलेली अनघड शिळा आणि भोवती लहान दगडांचं कडं. ते दगड म्हणजे वेताळाचं सैन्य. अमावास्येच्या रात्री तो भुतांचा लवाजमा घेऊन फिरायला निघतो, अशी श्रद्धा. पुण्याची सगळ्यांत उंच टेकडी त्याच्याच नावाची आहे. पुण्यात राहिलेले इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी इथल्या टेकड्यांवर हिंडून असे दगड आणि ग्रामदेवतांची ठाणी अभ्यासत असत. एवढी सामग्री दाराशी असताना पात्रांना पांढरे झगे घालून जर्मन-इंग्लिश मंत्र म्हणायला लावायची गरज उरत नाही.

आकाश: इथली खरी जादू दुपारची आहे

पुण्यात २१ जूनचा सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते, म्हणजे अडीच मुठी. २२ डिसेंबरला तेवढाच दक्षिणेकडे. स्टोनहेंजला हेच अंतर ३९ अंशांपेक्षा थोडं जास्त, जवळपास चार मुठी. उगवतीची ओळ धरायचीच असेल तर डिसेंबरची धरा. तेव्हा आभाळ स्वच्छ असतं, थंडी असते, आणि पहाटेचं धुकं खरोखर पडतं.

क्षितिजावर डोंगर असेल तर हिशेब बदलतो. तीन अंश उंचीचा डोंगर मधे आला की सूर्य त्याच्यावर दिसेपर्यंत जवळजवळ एक अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो, म्हणजे स्वतःच्या बिंबाच्या दुपटीने. नकाशात डोंगर काढायचा आणि शिळांच्या ओळीत तो विसरायचा, ही चूक बारकाईने वाचणाऱ्याला लगेच दिसते.

फटीचं मापही काढून ठेवा. सूर्याचं बिंब आकाशात अर्ध्या अंशाहून किंचित मोठं. वर्तुळाचा व्यास ३० मीटर असेल आणि बघणारा एका काठावर उभा असेल, तर समोरच्या काठावर २८ सेंटीमीटरची फट सूर्याला नेमकी पुरते. मधोमध उभं राहिलं तर १४ सेंटीमीटर. दोन मीटर रुंद दारातून सूर्य ‘अचूक’ उगवला असं लिहिलं, तर त्या अचूकपणाला काही अर्थ राहत नाही. २२ डिसेंबरच्या आसपास तर तिथून तो महिनाभराहून जास्त काळ रोज उगवेल.

आणखी एक अडचण आहे. २१ जून किंवा २२ डिसेंबरच्या आसपास सूर्य जागचा फारसा हलत नाही. आठवडाभर आधी आणि आठवडाभर नंतर उगवतीची जागा बिंबाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाने बदलते. ‘आजच, याच दिवशी, नाहीतर कधीच नाही’ असा मंत्र तुम्हाला हवा असेल, तर हे दिवस त्याला साथ देत नाहीत. उलट २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य रोज जवळजवळ आपल्या बिंबाएवढा सरकतो. तेव्हा एका दिवसाची चूकसुद्धा फटीत दिसते.

पण साडेअठरा अंशांवरच्या आकाशाजवळ याहून मोठं धन आहे, आणि ते स्टोनहेंजच्या नशिबी कधीच नाही. पुण्यात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो: १४ मेच्या सुमारास आणि पुन्हा २९-३० जुलैच्या सुमारास. त्या दोन दुपारी, घड्याळात साडेबारा वाजून गेल्यावर, सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. मेक्सिकोतलं शोचिकाल्को हे प्राचीन नगर जवळजवळ याच अक्षांशावर आहे. तिथे लोकांनी गुहेच्या छताला उभा झरोका पाडून डोक्यावरचा सूर्य सरळ खाली उतरवला होता.

आता या दोन दिवसांच्या मधला काळ बघा. साधारण ७७ दिवस. एरवी वर्षभर पुण्यात दुपारची सावली उत्तरेकडे पडते. २२ डिसेंबरला तीन मीटर उंच शिळेची सावली २ मीटर ७० सेंटीमीटर उत्तरेला जाते. पण या ७७ दिवसांत सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे वळते. लांबी फार नसते. अगदी २१ जूनलाही त्याच शिळेची जेमतेम २६ सेंटीमीटर. पण दिशा बदलते, आणि दक्षिण ही यमाची दिशा. मराठी घरात दक्षिणेकडे पाय करून झोपू नये हे लहानपणीच सांगितलेलं असतं. शिळेची सावली ७७ दिवस यमाकडे बोट दाखवते, हे वाक्य मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

एवढ्यावर जादूचा पूर्ण नियम उभा राहतो. १४ मेच्या दुपारी, सावली पायाखाली गेल्याच्या क्षणी, जो माणूस मधल्या शिळेला हात लावून उभा असेल त्याची सावली शिळा ठेवून घेते. त्या बदल्यात तो जे मागेल ते मिळतं: विहिरीला पाणी, आजाऱ्याला श्वास, हरवलेल्याचा ठावठिकाणा. हे कर्ज आहे. फेडायचा दिवस दुसरा, जुलैच्या अखेरचा. त्या दुपारी परत येऊन उभं राहिलं की सावली मोकळी होते. ७७ दिवस बिनसावलीचा माणूस गावात कसा वावरतो, कुणाच्या लक्षात येतं, उन्हात कोण त्याच्या शेजारी उभं राहत नाही, हे सगळं कथेला आपोआप मिळतं.

आणि इथलं खरं दुखणं असं आहे की मेची दुपार कडकडीत उन्हाची असते, पण जुलैची अखेर म्हणजे भर पावसाळा. सह्याद्रीच्या कुशीतल्या माळावर त्या दिवशी सूर्य दिसेलच याची खात्री कुणीच देणार नाही. कर्ज घेणं सोपं, फेडणं ढगांच्या हातात. चुकलं तर पुढच्या मेपर्यंत थांबायचं. हा पेच कुठल्याही खलनायकाशिवाय उभा राहतो आणि तो पूर्णपणे या हवामानातून येतो. थंड प्रदेशातल्या वर्तुळाला तो कधीच सुचला नसता.

चंद्राबद्दल थोडक्यात. चंद्र उगवायची टोकं १८.६ वर्षांच्या चक्रात आतबाहेर होतात. पुण्यात ती पूर्वेपासून १९ अंशांपासून ३० अंशांपर्यंत जातात. ती २०२४-२५ मध्ये सर्वांत बाहेर होती, पुन्हा जातील २०४३ च्या सुमारास. पिढीतून एकदाच उघडणारं दार हवं असेल तर हे चक्र तयार आहे. मुलगी जन्मली तेव्हा दार उघडलं आणि ती अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा, यात योगायोग वाटत नाही.

शिळा: सरळ असेल तरच दिवस नेमका

मधल्या शिळेचा आकार ही सगळ्यांत नाजूक बाब आहे. बहुतेक चित्रांत शिळा वर निमुळती असते. समजा तीन मीटर उंचीत ती प्रत्येक बाजूने फक्त १० सेंटीमीटर आत गेली. मग सूर्य डोक्यापासून जवळजवळ दोन अंश कललेला असला तरी सावली पायाबाहेर पडत नाही, आणि शून्य सावलीचा एक दिवस न राहता पंधरा दिवस होतात. निमुळतेपणा २६ सेंटीमीटरचा झाला तर १४ मेपासून जुलैअखेरपर्यंत दुपारी सावलीच नाही. मधे फुगीर शिळा असेल तर उलटं होतं: पोटाखाली सावली कायम राहते आणि तो क्षण येतच नाही. उभी करतानाची चूकही तितकीच महाग. एक अंश कलली तर माथा पाच सेंटीमीटर सरकतो आणि दिवस चुकतो तोही तीन नाही, जवळपास चार दिवसांनी. म्हणून मधल्या शिळेसाठी ओळंबा हवा, आणि तो वाऱ्यात हलू नये म्हणून त्याचं वजन पाण्याच्या मडक्यात सोडलेलं हवं. हे काम करणारं एक पात्र ठेवा. मंत्र म्हणणाऱ्यापेक्षा ओळंबा धरणाऱ्याच्या हातात जास्त काही असतं.

सरळ शिळा मिळणार कुठे? दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो थंड होताना काही ठिकाणी पाच-सहा बाजूंच्या उभ्या खांबांत तडकला. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल असाच खांबांचा गठ्ठा आहे. ज्या जगात लोखंड नाही तिथे असा खांब पहारीसारख्या लाकडी दांड्याने आणि पाचरींनी सुटा करणं जमू शकतं. ओबडधोबड बेसॉल्ट दगडी हातोड्यांनी सरळ करत बसणं मात्र वर्षानुवर्षांचं काम. लोखंड असेल तर भाजे-कार्ल्याची लेणी कोरणाऱ्यांसारखी टाकी (छिन्नी) आणि हातोडी द्या, पण मग कोळसा, भट्टी, टाक्यांना पाणी देऊन धार कडक करणारा लोहार, हे सगळं त्याच्यासोबत आलं. बोथट झालेल्या टाक्या रोज शेकायला लागतात.

शिळा वर ३ मीटर, जमिनीत १ मीटर, रुंदी १ मीटर आणि जाडी ६० सेंटीमीटर धरली, तर वजन सुमारे ७ टन. लाकडी घसरगाड्यावर ठेवून, खाली ओंडक्यांचे रूळ टाकून ओढली तरी वजनाच्या तीस टक्के ताकद घर्षणात जाते असं धरा. म्हणजे २१०० किलोचा ओढ. एक माणूस सतत ३० किलोच्या ताकदीने ओढेल, तर ७० माणसं लागतात. दहा मीटरला एक मीटर चढ आला की आणखी २३-२४. शंभर माणसं अंबाडीच्या दोरांना लावली आणि दोर ओला होऊन घसरू लागला की पहिली चार जखमी होतात. उतारावर तर मागून रोखून धरायला वेगळी माणसं लागतात. शिळा चढावर अडकते, पण माणसं मरतात उतारावर.

शंभर माणसांना दिवसाला माणशी सहा भाकऱ्या म्हणजे सहाशे भाकऱ्या. पन्नास-साठ किलो पीठ रोज, आणि ते जात्यावर दळलेलं. शिळावर्तुळाच्या कथांत ही जात्यावरची बाई जवळजवळ कधीच दिसत नाही, आणि ही फार मोठी उणीव आहे. शिळा ओढणाऱ्यांइतक्याच पहाटे ती उठलेली असते. जात्यावरच्या ओव्या ही महाराष्ट्राची स्वतःची मंत्रविद्या. वर्तुळाचा खरा मंत्र तिथे लपवता येतो: पुजाऱ्यांना येत नाही, दळणाऱ्यांना येतो, कारण शिळा ओढली गेली त्या काळात तो रोज म्हटला जात होता.

हे काम वर्षभर चालत नाही. ज्वारी काढून झाल्यावर, होळीपासून मृगापर्यंत, हात मोकळे असतात. तीन महिने. खाण दोन किलोमीटरवर आहे आणि दिवसाला ४०० ते ५०० मीटर मजल धरली, तर एका शिळेला चार-पाच दिवस. तेरा शिळांना (कड्यावर बारा, मधे एक) दोन महिने, काही मोडलं नाही तर. एक उन्हाळा खाणीत, एक ओढण्यात, एक उभ्या करण्यात. मोडतं तर हमखास. म्हणून खाणीपासून वर्तुळापर्यंतच्या वाटेवर एक तुटलेली शिळा पडलेली दाखवा. तिच्यामुळे उभ्या असलेल्या तेरा खऱ्या वाटतात.

आखणी आणि उभारणी

पूर्व-पश्चिम काढायला होकायंत्र लागत नाही. सपाट केलेल्या जागी शंकू, म्हणजे सरळ उभी काठी, रोवायचा, त्याच्या भोवती दोरीने वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे खूण, दुपारनंतर पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन्ही जोडल्या की पूर्व-पश्चिम. यज्ञवेदी आखायचे नियम सांगणाऱ्या प्राचीन शुल्बसूत्रांत हीच पद्धत सांगितली आहे. जमीन सपाट नसेल तर ओळ तिरकी जाते, म्हणून आधी मातीचा बांध घालून पाणी भरून पातळी बघतात. मग मधल्या खुंटीला १५ मीटरची दोरी. तीच दोरी परिघावर सहा वेळा मावते, त्या सहांतला प्रत्येक भाग निम्मा केला की बारा जागा, प्रत्येकीत पावणेआठ मीटरचं अंतर. नवी दोरी पहिल्याच दिवशी ताणून वाढते, ओली झाली की आखडते. आखणीचं काम एकाच दोरीने आणि एकाच दिवसात उरकावं.

खड्डा एक मीटर खोल, एका बाजूने उतार, समोरची भिंत उभी. शिळा उताराच्या बाजूने पायथा पुढे करून सरकवतात. ती समोरच्या भिंतीवर आदळते, म्हणून तिथे लाकडी मेखांचं अस्तर लावतात, नाहीतर भिंत ढासळून शिळा वेडीवाकडी बसते. मग तिकाटण्यावरून दोर घेऊन उभी करायची आणि भोवती गोट्या ठासायच्या. माती शेवटी.

जागा निवडताना काळी माती टाळा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि काही पावसाळ्यांत शिळा कलायला लागते. टेकडीवरचा पातळ मातीखालचा मुरूम उत्तम. तुमच्या जगात एक कललेलं, निकामी वर्तुळ खाली काळ्या रानात आणि एक अजून ताठ उभं वर्तुळ वर मुरमावर असेल, तर दोघांचा फरक कुठल्याही शापाशिवाय उलगडतो. लोकांना मात्र शापच वाटेल, आणि वाटू द्यावा.

दगडाच्या अंगातली जादू

टेकडीवरच्या उंच शिळेवर वीज पडते. बेसॉल्टमध्ये लोहचुंबकाचे कण असतात, विजेचा प्रवाह त्यांना एका जागी जोरात चुंबकित करून जातो. होकायंत्र तिथे नेलं की काटा भलतीकडे वळतो, काही पावलं मागे आलं की ताळ्यावर. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर एका उजाड जागच्या शिळावर्तुळाखाली जमिनीत विजेची चांदणीसारखी खूण मोजणीत सापडल्याचं २०१९ साली जाहीर झालं. ‘इथे दिशा चुकतात’ हे वाक्य लिहिताना ते तेरापैकी कोणत्या शिळेपाशी खरं आहे ते ठरवा. सगळीकडे दिशा चुकल्या तर कुणीच मार्ग काढू शकत नाही आणि प्रसंग मरतो.

काही शिळा वाजतात. कर्नाटकात हिरेबेणकलच्या महापाषाणी थडग्यांच्या टेकडीवर नगाऱ्यासारखा एक मोठा दगड आहे, ठोकला की त्याचा आवाज लांबवर जातो. वाजणारी शिळा आतून सलग असते आणि खाली थोडी अधांतरी टेकलेली असते. जमिनीत घट्ट रोवली की ती मुकी होते. म्हणून उभ्या वर्तुळातल्या शिळांना घंटेसारखं वाजवू नका. वाजणारा दगड बाजूला, दोन गोट्यांवर टेकलेला ठेवा. वर्तुळ स्वतः आवाजासाठी वेगळं काम करतं. सॅलफर्ड विद्यापीठात २०२० साली स्टोनहेंजची बाराव्या हिश्शाची प्रतिकृती करून आवाज मोजला गेला. आत बोललेलं आतल्यांना जास्त ठसठशीत ऐकू येतं, बाहेरच्यांना फारसं नाही. पण त्यासाठी शिळा दाटीने हव्यात. पावणेआठ मीटरच्या अंतराने लावलेल्या बारा शिळा आवाज धरून ठेवत नाहीत. गुप्त मंत्र हवा असेल तर तीस शिळा लावा आणि सहाशेच्या जागी दीड हजार भाकऱ्यांचा हिशेब करा.

पुण्याच्या दगडात एक रंगही लपलेला आहे. लाव्ह्यातल्या वाफेच्या पोकळ्यांत नंतर खनिजं वाढली, आणि वाघोलीच्या खाणी त्यांतल्या कॅव्हॅन्साइटसाठी जगभर प्रसिद्ध आहेत. गडद, विजेसारखा निळा रंग, बारीक सुयांचे झुपके, बहुतेकदा स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजावर बसलेले. तो निळा व्हॅनेडियममुळे येतो. खनिज मऊ आहे, साध्या लोखंडी टोकानेही ओरखडा उठतो, म्हणून त्याची तलवार किंवा अंगठी होऊ शकत नाही. काळी शिळा फुटली आणि आतून निळं दिसलं, एवढंच त्याचं काम, आणि तेवढं पुष्कळ आहे. स्टिल्बाइट तापवला की त्याच्या अंगातलं पाणी बाहेर पडतं. दुष्काळातल्या गावाला ‘दगडातून पाणी’ मिळतं ते आधी या एका थेंबात दाखवावं, मग विहिरीत.

नंतर आलेल्यांच्या गोष्टी

ज्यांनी शिळा उभ्या केल्या ते गेले. आता तिथे मेंढरं चारणारा धनगर काय म्हणतो, हे तुमच्या नियमापेक्षा वेगळं असायलाच हवं. हिरेबेणकलच्या थडग्यांना आसपासचे लोक बुटक्या माणसांची घरं समजत आले. कॉर्नवॉलमधल्या एकोणीस शिळा म्हणे रविवारी नाचल्याबद्दल दगड झालेल्या मुली. आपल्याकडे कुठलीही जुनी लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरलेली असतात आणि कोंबडा आरवल्यामुळे अर्धी राहिलेली. तुमच्या वर्तुळालाही अशी एक चुकीची, पण जिव्हाळ्याची गोष्ट द्या. त्या गोष्टीत खऱ्या नियमाचा एकच धागा ठेवा. ‘उन्हाळ्यात भर दुपारी शिळेला टेकू नये, सावली लागते’ इतकाच.

या धाग्यावर सगळ्यात चांगला पेच बसतो तो काळाचा. पृथ्वीचा आस पूर्वी थोडा जास्त कललेला होता. साडेचार हजार वर्षांपूर्वी २१ जून किंवा २२ डिसेंबरचा सूर्य आजच्यापेक्षा जवळपास एक बिंबभर बाहेर उगवायचा. तेव्हा २८ सेंटीमीटरची नेमकी फट ठेवणाऱ्यांचा सूर्य आज त्या फटीत मावत नाही, शेजारच्या शिळेमागे उगवतो. पुजारी दर डिसेंबरला पहाटे जमतात, फटीत अंधार बघतात आणि वर्तुळ मेलं असं ठरवून दरवर्षी थोडे कमी येतात. शून्य सावलीचं मात्र काही बिघडत नाही. ती जागेच्या अक्षांशावर ठरते, आस कलला तरी डोक्यावरचा सूर्य येतोच, फक्त दिवस एक-दोनने इकडेतिकडे होतो. फटीकडे बघणारे हताश होऊन घरी गेलेले असतात. मे महिन्यात, साडेबारा वाजून गेल्यावर, माळावर चिटपाखरू नसताना, मधल्या सरळ शिळेची सावली तिच्या पायाखाली जाते आणि तहानलेली एक शेळी राखणारी पोरगी थंडाव्यासाठी तिच्यावर हात टेकते.